कचेरीची फळी आणि वरच्या वाडीचं पाणी

मी एक फळी बोलतेय. नुसतं 'फळी' म्हटलेलं मला खपत नाही, 'सरकारी फळी' म्हणा. एवढा मान मी नक्कीच कमावला आहे.

माझं लाकूड वाळुंजाचं. एकाच झाडातून सुताराने आम्हा तिघी बहिणींना काढलं. एक ओढ्यावर कपडे बडवायला गेली, दुसरी दारूच्या गुत्त्यात मुळे चिरायचा पाट झाली, आणि मी तेवढी सरकारी नोकरीला लागले. माझी उंची माणसाच्या खांद्याइतकी, रुंदी पंजाएवढी, मूठ छान गोल केलेली. सोकगोक तालुक्याच्या कचेरीत, मामलेदार बसतात त्यांच्या मागच्या भिंतीवर मला टांगलं. मामलेदारांनी हनुवटी हलवली की खाली उतरायचं आणि बाकावर पालथ्या पाडलेल्या माणसाच्या ढुंगणावर पडायचं, एवढंच माझं काम. खरं सांगायचं तर पडण्याचं काम थोडं, टांगून राहण्याचंच जास्त.

टांगून राहिलं की माणसं फार चांगली कळतात. कचेरीत येणारा प्रत्येक जण कपाळ जमिनीला टेकून नमस्कार करायचा मामलेदारांना, पण त्याआधी त्याची नजर हळूच वर माझ्याकडे जायची. मामलेदार बदलत राहिले. दोन वर्षांनी एक, तीन वर्षांनी दुसरा. मी मात्र तिथेच होते. लोक मनातल्या मनात सरकार कोणाला म्हणत असतील, ते तुम्हीच ठरवा.

मला चालवायचा तो माक्स्वे नावाचा शिपाई. दिसायला रेडा, पण कोंबडीचं पिल्लू मेलं तरी डोळ्यांत पाणी आणणारा. त्याने एक कसब कमावलं होतं. मला खाली आणताना माझं टोक तो आधी बाकाच्या कडेवर आपटायचा. असा आवाज निघायचा की अंगणातली कबुतरं उडून जायची, आणि पालथ्या माणसाला लागायची ती नुसती वाऱ्याची झुळूक. त्या माणसाने फक्त वेळेवर ओरडायचं. एकदा एक कोंबडीचोर आवाजाच्या आधीच बोंबलला. माक्स्वेने वाकून त्याच्या कानात सांगितलं, "अरे गाढवा, आधी मी, मग तू!"

असा आमचा कारभार वर्षानुवर्षं चालला होता. मामलेदार आवाजावर खूश, चोर झुळकेवर खूश, आणि चोऱ्याही फारशा होत नव्हत्या.

पण एकदा मी खरी पडले. वरच्या वाडीचा थाक तेव्हा तिशीचा होता. त्याचे वडील वारले, आणि त्यांना पुरायच्या पेटीसाठी त्याने सरकारी राखीव जंगलातले दोन पाइन तोडले. तेव्हाचे मामलेदार आपली जागा सोडून बाकाजवळ येऊन उभे राहिले. कडेवर आपटायची सोय उरली नाही. तीस फटके. पंधराव्यानंतर थाक ओरडायचा थांबला. त्याचा डावा पाय त्यानंतर पुन्हा सरळ पडला नाही, आणि माक्स्वे तीन दिवस जेवला नाही. याच्यावर मला काही थट्टा सुचत नाही, म्हणून पुढे जाते.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली आणि आमच्याकडे मामलेदार यून आले. पाप्याचं पितर, हनुवटीवर मोजून बारा केस, आणि सामानात पुस्तकांचे सात पेटारे. आल्या दिवशीच त्यांनी वर बघितलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

"फळी, सरकार," शिरस्तेदार पांग म्हणाला. हा पांग इथलाच. त्याचा बाप शिरस्तेदार, आजा शिरस्तेदार. मामलेदारांना तो पाहुणे समजायचा.

"खाली उतरवा. लोक चांगल्या वागण्याने चालतात. वरचा माणूस नीट वागला की खालचे आपोआप नीट वागतात."

"आणि नाही वागले तर?"

"तर आपण आणखी नीट वागायचं."

पांगने मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "सरकार, फळी काढली तर कचेरीत आणि गुत्त्यात फरक काय राहिला? गुत्त्यात निदान प्यायला तरी मिळतं."

"वर्षभर बघू," यून हसून म्हणाले. "वर्षभरात मला फळीची आठवण झाली, तर मी हरलो."

"आणि आठवण झाली नाही तर मी हरलो," पांग म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हाताने मला खाली उतरवलं. ते करताना त्याने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. मेला आतून हळवा होता.

माझी बदली झाली स्वयंपाकघरात. तिथे माक्स्वेची बायको सामवल कचेरीचा स्वयंपाक करायची. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नखाने टकटक केलं आणि म्हणाली, "बरी आहे. टोफू दाबायला होईल."

दुसऱ्या दिवसापासून फडक्यात बांधलेल्या गरम टोफूवर मी आडवी आणि माझ्या दोन्ही टोकांवर दोन धोंडे. रोज सकाळी टोफूचं पाणी माझ्या अंगात मुरायचं. महिन्याभरात माझ्या पोटाला चीर गेली, तीन महिन्यांत लाकूड पावासारखं मऊ झालं, चिरेत सोयाबीनचा चोथा जाऊन बसला. ज्या फळीला यूनसाहेबांनी कारभारातून काढून टाकलं होतं, तिच्याखाली दाबलेला टोफू ते रोज मिटक्या मारत खात होते. मला गंमत वाटायची. त्यांच्या पोटात मीच जात होते थोडी थोडी.

तिकडे कचेरी मात्र छान चालली होती. भांडणं मिटत होती, लोक वाकत होते, शेतसारा वेळेवर येत होता. यूनसाहेबांना कोण आनंद! "बघितलंत, शिरस्तेदार? चांगलं वागणं!"

"सरकार," पांग म्हणाला, "जरा मागे वळून भिंतीकडे बघा."

धुराने काळवंडलेल्या भिंतीवर, मी जिथे इतकी वर्षं टांगलेली होते तिथे, माझ्याच आकाराचा पांढरा पट्टा उमटला होता. मूठ, टोक, सगळं जसंच्या तसं. लोक येत होते, त्या पट्ट्याकडे बघत होते आणि मग वाकत होते.

यूनसाहेबांचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळी भिंत पांढरीशुभ्र करून घेतली. हे मला सामवलने सांगितलं. म्हणजे ती टोफूशी बोलत होती, मी मध्ये होते म्हणून ऐकलं.

त्या वर्षी लावणीच्या तोंडावर पाऊस रुसला.

आमच्या तालुक्यात एकाच ओढ्यावर दोन वाड्या. बंधारा वरच्या वाडीत. रीत अशी की वरच्या वाडीच्या खाचरांत घोट्यापर्यंत पाणी भरलं की बंधाऱ्याच्या मोरीत पाणी अडवायला बसवलेली फळी काढायची आणि खालच्या वाडीला पाणी सोडायचं. त्या वर्षी वरच्या खाचरांत पोटरीपर्यंत पाणी आलं तरी फळी जागची हलेना. बेडूक पोहत होते, आणि खाली जमिनीला भेगा पडत होत्या.

कारण काय, तर दोरखंड. नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला दोन्ही वाड्या एक जाडजूड दोर दोन बाजूंनी ओढतात. जी वाडी जिंकेल तिला वर्षभर मिरवता येतं. त्या वर्षी खालची वाडी जिंकली होती. वरच्या वाडीचं म्हणणं, त्यांनी दोराचं शेपूट तुतीच्या बुंध्याला गुपचूप गुंडाळलं होतं. खालच्या वाडीचं म्हणणं, गुंडाळलं नव्हतं, दोर दमून तिथे टेकला होता. झालं! 'तुतीला सांगा पाणी द्यायला' असा निरोप वरून खाली गेला.

वरच्या वाडीचा मुखिया आता थाक होता. तोच, लंगडा.

खालच्या वाडीत सत्तरीची एक विधवा होती, माहेरच्या गावावरून तिला पामगोलवाली म्हणायचे. तिचं एकच खाचर. मुलगा नाही, सून नाही, वर्षाचं खाणं त्या एका खाचरावर. ती रोज सकाळी कचेरीत यायची, वाळलेल्या रोपांची एक जुडी मामलेदारांच्या पायरीवर ठेवायची आणि न बोलता निघून जायची. पहिल्या दिवशी जुडी पिवळी होती. आठव्या दिवशी ती हातात घेतली की चुरा व्हायची.

यूनसाहेब स्वतः चालत वरच्या वाडीला गेले. थाकसकट सगळी वाडी चिखलात पालथी पडून नमस्कार करत होती.

"थाक, पाणी सोडायला हवं."

"सरकारचं म्हणणं सोळा आणे खरं."

"मग सोडणार ना?"

"सरकार एवढं उन्हातून चालत आले! अरे, सरकारला बसायला चटई आणा, तांदळाची दारू आणा!"

त्यांना चटई मिळाली, दारू मिळाली, वर कोवळ्या लसणाच्या पातीचं लोणचंही मिळालं. पाणी मिळालं नाही. तीन दिवसांनी ते पुन्हा गेले. या वेळी लोणच्याबरोबर सुकी मासळीही होती. यूनसाहेब आणखी नीट वागले. वाडीही आणखी नीट वागली. मोरीची फळी तिथेच.

बाराव्या दिवशी पामगोलवालीने पायरीवर जुडी ठेवली नाही. वाळलेली रोपंही संपली होती. ती नुसती रिकामे हात पायरीवर ठेवून बसली.

"म्हातारे, ऊठ," पांग म्हणाला. "उन्हात बसू नकोस."

"बसते की. घरी जाऊन कशाकडे बघू? कडेची चार रोपं अजून हिरवी आहेत. उद्यापर्यंत टिकतील, परवा नाही."

यूनसाहेब आतून हे ऐकत होते. त्यांनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाले, "शिरस्तेदार, ती फळी कुठे आहे?"

पांग जिंकला होता. पण तोंडावर आनंद दिसेना, कारण मी कुठे आहे ते त्याला माहीत होतं.

स्वयंपाकघरात एकच धावपळ उडाली. "अगं, टोफूवरून काढ तिला!" "अहो, पण आत्ताच दाबलाय!" माक्स्वेने मला उचललं आणि त्याचं बोट माझ्या चिरेत रुतलं.

"शिरस्तेदार," तो कुजबुजला, "एक फटका मारला तर हिचे दोन तुकडे होतील. सगळा तालुका हसेल."

"मग मारायचं नाही."

"आणि सरकार म्हणाले मार, तर?"

"तर असा ओरड, जणू तुझाच हात मोडला."

पांगने माझ्या चिरेवर लाल फडकं करकचून बांधलं. पुढे यूनसाहेब, मागे पांग, त्यामागे मला खांद्यावर घेतलेला माक्स्वे, आणि सगळ्यांच्या मागे, कोणी बोलावलं नसताना, पामगोलवाली. रस्त्यात कुत्री माझा वास घेत मागे लागली. सरकारी मिरवणुकीला टोफूचा वास येत होता, आणि हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. मी पुरती घाबरले होते. जन्मभर लोकांना घाबरवलं, आज पहिल्यांदा कळलं की त्यांना कसं वाटत असेल ते.

बंधाऱ्यावर सगळी वाडी जमली. या वेळी चटई आली नाही. यूनसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "थाक, मी... फळी आणली आहे." आवाज असा, जणू फटके त्यांनाच बसणार होते.

थाक उठला. लंगडत माझ्याजवळ आला. अगदी जवळ. त्याने मला मुठीपासून टोकापर्यंत बघितलं, लाल फडक्याजवळ थांबला, आणि त्याचं नाक हललं. संपलं, मी मनात म्हटलं. याने वास ओळखला.

थाक वाडीकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "बघितलंत का रे? सरकारने फळी आणलीय! आता माझा काय इलाज?"

"काय इलाज!" कोणीतरी म्हणालं. "बिचारा थाक!" दुसरं म्हणालं. थाक तसाच पाण्यात उतरला आणि मोरीची फळी उपसायला लागला. आणि गंमत बघा, त्याला हात द्यायला वाडीतले चार गडी असे धावले, जणू बाराही दिवस ते याचीच वाट बघत होते. पाणी खळाळत खाली निघालं. पामगोलवाली काठाने त्या पाण्याबरोबर चालत, मग जवळजवळ पळत, खाली गेली. सत्तरीची बाई!

कचेरीत परत आल्यावर यूनसाहेब जेवले नाहीत. टोफू तसाच परत आला. "शिरस्तेदार, मी हरलो," ते म्हणाले. "शेवटी सगळं फळीवरच उभं आहे. सात पेटारे वाचून मी दंडुका घेऊनच गेलो ना त्यांच्या दारात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी थाक आला. मी अंगणात उन्हाला टाकलेली होते. तो माझ्या बाजूने जरा वळसा घेऊन आत गेला. पण बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"सरकार जेवले नाहीत म्हणे."

"तू घाबरलास, थाक. मी तुला घाबरवलं. मला लाज वाटते."

"घाबरलो? मी?" थाक खो-खो हसला. "अहो सरकार, ती फळी कुजलीय! पोटात चीर, चिरेत चोथा, आणि वास असा की मला भूकच लागली. तिने मारलं असतं तर तिलाच लागलं असतं."

"मग पाणी का सोडलंस?"

"सरकार, पाणी सोडायचं सगळ्यांच्याच मनात होतं. म्हातारीचं खाचर वाळतंय हे काय आम्हाला दिसत नव्हतं? पण तुमच्या गोड बोलण्यावर सोडलं असतं तर वाडी म्हणाली असती, थाक दोन शब्दांत विरघळला, तुतीच्या बुंध्याला हरला. फळीपुढे सोडलं तर काय म्हणतात? बिचारा, काय करणार! तुम्ही आम्हाला मान राखून वाकायला जागाच ठेवली नव्हती. तुम्ही काल ती जागा घेऊन आलात."

यूनसाहेब उठून उभेच राहिले. "म्हणजे भीतीने नाही? खरंच नाही?"

"छे!" थाक म्हणाला. "कुजक्या फळीची कसली भीती?"

त्या दिवशी यूनसाहेबांनी दोन वाट्या टोफू खाल्ला. पांग मात्र हार मानायला तयार नव्हता. "कुजकी असो, फळी होती म्हणून झालं ना?" यूनसाहेब म्हणाले, "पण मारली तर नाही ना?" पांग म्हणाला, "मारता येईल असं वाटलं ना पण?" तासभर हे चाललं. शेवटी असं ठरलं की सुताराकडून नवी फळी करून भिंतीवर टांगायची, पण ती कधी वापरायची नाही.

"मात्र सरकार," पांग म्हणाला, "वापरायची नाही हे तेवढं बाहेर सांगू नका."

आणि माझं काय? थाकने मला मागून घेतलं. "माझ्या मोरीची जुनी फळी गेलीय," तो म्हणाला. "हिचा कुजका भाग कापला तर उरलेली बसेल." त्याने करवत चालवली, मूठ गेली, पोट गेलं, आणि वाळुंजाचं जेवढं निरोगी लाकूड उरलं तेवढी मी आता वरच्या वाडीच्या बंधाऱ्यात उभी आहे. खाचरात घोट्यापर्यंत पाणी आलं की मला उपसतात, खाली पाणी सोडतात, पुन्हा बसवतात. अंगावर शेवाळ आलंय. लहान मासे गुदगुल्या करतात. म्हातारपण बरं चाललंय.

भिंतीवरच्या त्या नव्या पोरीला माझा निरोप सांगा. म्हणावं, टांगून राहा, ऐटीत राहा, लोक बघतील तेव्हा जरा दरारा दाखव. पण बाई गं, कोणी हनुवटी हलवली तर लगेच खाली उतरू नकोस. आणि जे तिला टांगतात त्यांना सांगा, अधूनमधून तिच्याखाली टोफू दाबत चला.

माझं बोलणं इथे संपवायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट मी यूनसाहेबांना सांगू शकले नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मला उपसायला नेहमी थाकच येतो, गड्यांना हात लावू देत नाही. पाण्यात उतरतो, वाकतो, आणि त्याची बोटं माझ्या लाकडाला लागली की त्याचा डावा पाय थरथरायला लागतो. फक्त डावा. दर खेपेला. तो ओठ आवळून क्षणभर थांबतो, मग मला उचलतो. त्या दिवशी बंधाऱ्यावर मी माझ्याच चिरेच्या काळजीत होते, त्याच्या पायाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तेव्हाही तो थरथरत होता का, ते मला माहीत नाही, आणि हे न कळणं मला टोचत राहतं.

परवा पामगोलवाली काठावर बसली होती. तिचं खाचर आता गुडघाभर हिरवं आहे. थाकला देण्यासाठी तिने पानात गुंडाळून भात आणला होता. तिने त्याचा पाय बघितला.

"थाकदादा, पाय का हो थरथरतोय?"

"पाणी गार आहे," थाक म्हणाला.

म्हातारीने वाकून पाण्यात हात घातला. ऐन दुपार, चार दिवस तापलेलं पाणी, चांगलं कोमट होतं. तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि भाताची पुडी त्याच्यासमोर धरली.

"गार आहे खरं," ती म्हणाली.